ओढ्याचं मुख

रवींद्र त्याला कधी कॅनॉल म्हणायचाच नाही. या परदेशी शहरात, पोटोंग पासिर वस्तीतल्या आमच्या ब्लॉकमागे सिमेंटच्या दोन भिंतींमधून वाहणारं ते पाणी, आणि हा म्हणे ओढा! बँकेतून आला की वही घेऊन काठानं निघालाच. कुठून निघतो, पेल्टनचा नाला कुठं येऊन मिळतो, व्हॅम्पोआचा कुठं, सगळं पायी हिंडून २००३ साली त्यानं मोठ्या कागदावर नकाशा काढला. अगदी खाली निळ्या पेन्सिलीनं लिहिलं, 'समुद्र'. मी चिडवायची, "अहो पाटबंधारे खातं, जेवायला चला!"

२००८च्या नोव्हेंबरात कॅन्सरनं तो गेला. त्याआधी मला बजावलं होतं, "मेधा, अस्थी बोटीतून नेऊ नकोस. बोट लागते मला. ओढ्यात सोड, मी जाईन आपला समुद्राला." मरतानाही थट्टा! पण मी शब्द दिला. कॅनॉलमध्ये असं काही टाकायचं नसतं, हे ठाऊक होतं मला. तरी एका पहाटे नकाशा पिशवीत घालून पायऱ्या उतरले आणि कलश रिकामा केला. पोचला असेल एव्हाना, या एका विचारावर मी वर्ष काढलं.

परवा वर्षश्राद्ध होतं. धाकटा दीर निशिकांत पाटावर बसला होता, शेजारी गुरुजी. मी नकाशा रवींद्रच्या फोटोपुढे ठेवला. आमची दहा वर्षांची श्रिया त्यावर वाकली आणि इथल्या पोरांसारखं 'लाह' लावत म्हणाली,

"आई, बाबाचा मॅप राँग आहे, लाह. शाळेनं दाखवायला नेलं होतं. तिथे शेवटी डॅम आहे. पाणी सीला जातच नाही."

"कधी बांधला?"

"लास्ट इयर ओपन झाला. बाबा हॉस्पिटलमध्ये होता ना, तेव्हा. आता ते आपलं ड्रिंकिंग वॉटर होणार."

मेले मी! पेपरात आलं असेल, टीव्हीवर आलं असेल. मी तेव्हा त्याच्या सलाइनचे थेंब मोजत बसले होते. आणि ज्याला समुद्र हवा होता, त्याला मी माझ्या हातानं कोंडून ठेवलं.

"वहिनी, तर्पणाला पाणी आणता?" निशिकांतनं हाक मारली.

मी तांब्या घेऊन स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला. त्या डॅमचं पाणी आलं असेल का नळाला एव्हाना? तांब्या भरला. मी तो सिंकमध्ये ओतला, पुन्हा भरला, पुन्हा ओतला. बाहेर गुरुजी रवींद्रचं नाव आणि गोत्र उच्चारून थांबले होते.

"वहिनी, पाणी!"

घरात दुसरं पाणी नव्हतं. शेवटी तेच नेऊन दिलं, त्याला प्यायला.