‘मंगळवाडी’ बंद होणार म्हणतात

मी टीव्ही बोलतोय. संग्रामपूरच्या अलीकडे, जिथून सातपुडा निळसर दिसतो, तिथल्या एका गावच्या समाजमंदिरात मी भिंतीवर असतो.

मनाली बंगळुरूहून भौतिकशास्त्र शिकून गावी परत आली, तेव्हा तिची कल्पना अशी होती की इथली माणसं विज्ञानासाठी आसुसलेली असतील, फक्त सांगणारं कोणी नसेल. तिने एक दुर्बीण आणली होती, दोन खोकी पुस्तकं आणली होती. संध्याकाळी साडेसातला तिने समाजमंदिराचं दार ढकललं, तर आत चाळीसेक माणसं माझ्याकडे तोंड करून बसलेली. एकानेही मान वळवली नाही. माझ्यावर ‘मंगळवाडी’ ही मालिका चालू होती.

आधी माझं सांगतो. माझा जन्म कारखान्याच्या सरकत्या पट्ट्यावर झाला. कोणी पडदा बसवला, कोणी मागचे स्क्रू पिळले, मला एकाचाही चेहरा आठवत नाही. खामगावच्या दुकानात मी सहा महिने एकच धबधबा दाखवत उभा होतो. मग एका वर्षी जयंतीच्या वर्गणीतून या वस्तीने मला घेतलं. जीपमध्ये चौघांच्या मांडीवर, गोधडीत गुंडाळून मी इथं आलो. घरोघरी टीव्ही होतेच, तरी मी आलो. माणसांना एकत्र बसायचं होतं.

सुरुवातीला निवडणुकीचे निकाल, क्रिकेट, एवढंच माझं काम. एरवी माझ्यावर धूळ. मागच्या बाजूला एका पालीने संसार थाटला होता. मग ‘मंगळवाडी’ सुरू झाली. मंगळावर वस्ती करायला गेलेल्या वीस कुटुंबांची गोष्ट. तिथली माती, तिथलं पाणी, काचेच्या घरातलं पहिलं पीक. कापूस वेचून दमलेल्या बायका हातपाय धुऊन थेट इथं यायला लागल्या. जनकाबाई सर्वांत पुढे. साठी उलटलेली ही बाई मालिका बघता बघता मोठ्याने शंका काढायची. मंगळावर पऱ्हाटी येईल का, तिला कापूस धरेल का, यावर तर दोन दिवस वाद चालला.

मनालीला हे सगळं पोरकट वाटलं. अवकाशात आवाज ऐकू येत नाही आणि इथं यानं गडगडतात, असं ती वडिलांना, सहदेवभाऊंना, चिडून सांगायची. समाजमंदिराची किल्ली त्यांच्याकडे असायची. तिचा वर्ग सहाला. दोन मुली यायच्या, त्याही सातपासून मालिकेसाठी जागा धरायला बघायच्या. गाव शेतातून येऊन मोकळं होतं साडेसातला. ती वेळ माझ्याकडे होती, आणि तिला तीच हवी होती.

मग एके दिवशी मोबाइल दुरुस्त करणाऱ्या अश्वजितने फोनवर आलेली बातमी वाचून दाखवली. प्रेक्षक कमी पडतात म्हणून वाहिनी ‘मंगळवाडी’ बंद करणार, अशी चर्चा आहे. खरं-खोटं कोणालाच ठाऊक नव्हतं. पण सगळ्यांच्या माना माझ्यावरून त्याच्या फोनकडे वळल्या.

जनकाबाईनेच गणित मांडलं. “आपुन चाळीस जन एकाच टीव्हीवर पाह्यतो. तिकडं एकच मानूस पाह्यते असं दिसत असंन. आपुनच बुडोली ना बे हे सिरियल.”

सगळ्यांना पटलं. ठरलं की उद्यापासून ज्याने त्याने आपापल्या घरी लावायची, म्हणजे चाळीस टीव्ही मोजले जातील. मनाली दाराशी उभी होती. मोजणी तशी होत नाही, ठरावीक घरांत यंत्रं बसवलेली असतात आणि या गावात तसं एकही घर नाही, हे तिला माहीत होतं. तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. मी समोरून पाहिलं ते.

दुसऱ्या दिवशी साडेसातला समाजमंदिर मोकळं. तिने फळ्यावर सूर्यमाला काढली, सतरंजी अंथरली आणि वाट बघितली. कोणी आलं नाही. त्या दोन मुलीही घरी मालिका बघत होत्या. घराघरांतून तेच संगीत ऐकू येत होतं. शेवटी तिने मला सुरू केलं आणि पहिल्यांदाच एक भाग पुरता पाहिला.

भाग संपताना जनकाबाई आत आली आणि धपकन बसली.

“घरी पाह्यलं, पन मजा नाई. नातू मंते चूप बस. आता मले सांग, थ्या मंगळावर सांज निळी काऊन दाखोतात? आपल्या इथं त लाल रायते.”

मनाली हसायला गेली आणि थांबली. “ते खरं आहे, आजी. तिथली धूळ फार बारीक आहे. सूर्य बुडताना ती निळा उजेड आपल्याकडे येऊ देते, तांबडा भलतीकडे फेकते.”

“पाह्य! म्या त खोटंच समजली होती.” मग पाण्याचं विचारलं, मग तिथल्या वर्षाचं. अर्धा तास गेला. मी बंद होतो, पण मला कोणी विसरलं असं वाटलं नाही.

उठताना मनाली म्हणाली, “आजी, ते मोजणीचं तसं नसतं. घरोघरी लावून काही होणार नाही. मला माहीत होतं.”

“मंग सांगतलं काऊन नाई?”

“मले हे जागा पाहिजे होती.” ती परत आल्यापासून मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच वऱ्हाडी ऐकली.

जनकाबाईने मोकळ्या सतरंजीकडे हात केला. “जागा भेटली तुले. मानसं कोठी हायेत?” एवढं म्हणून ती गेली.

मालिकेचं काय होईल, मला माहीत नाही. वाहिनीने अजून काहीच सांगितलेलं नाही. ती बंद पडली तर माझ्यावर पुन्हा धूळ बसेल, पाल परत येईल. त्याचं मला एवढं वाटत नाही. तुम्हाला एकच मागणं आहे: आम्हा टीव्हींसमोर बसलेल्या माणसांना झोपलेली समजू नका. त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते विचारून बघा.

सकाळी सहदेवभाऊ झाडायला आले, तर मनाली आधीच तिथं होती. तिने सांगितलं की बायका वेचणीला निघायच्या आत ती प्रत्येक दारात जाणार आहे. आपण गप्प राहिलो ते कबूल करणार, साडेसातला सगळ्यांना मालिकेला बोलावणार, आणि वर्ग त्यानंतर, ज्याचा जो प्रश्न असेल तिथून. मालिका बंद झाली तरी वेळ तीच.

“चिडतीन ना लोक,” भाऊ म्हणाले.

“चिडू द्या, बाबा. चिडाचं असंन त इथं येऊन चिडा म्हनीन,” ती म्हणाली आणि पायात चपला सरकवून पहिल्या घराकडे निघाली.