पोत्यावरचा लाल कमरबंद

करकोचा रस्त्याच्या मधोमध उभा होता. धुकं पांढरं आणि करकोचाही पांढरा, त्यामुळे स्तामेनाला आधी दिसले ते नुसते लाल पाय. तिनं ब्रेक दाबला. जावा मोटरसायकल थरथरत थांबली आणि पाठीमागे टायर किंचाळले.

दुधाची गाडी तिच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर येऊन थांबली होती. ड्रायव्हर खाली उतरला तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं.

"मावशी, थांबायचं तर सांगून थांब की! दिवा कुठाय तुझा?"

दिवा होता. चांगला पेटतही होता. पण त्याच्यावर गुलाबांची दोन पोती होती, दवानं जड झालेली, पाण्यात बसलेल्या म्हशींसारखी ऐसपैस पसरलेली. मागून येणाऱ्याला मोटरसायकल दिसतच नव्हती. धुक्यातून दोन पोती आपापली चालली आहेत, एवढंच दिसत होतं. करकोच्यानं दोघांकडे एकवार पाहिलं आणि घरचं काहीतरी काम आठवल्यासारखा तो सावकाश उडून गेला.

तुंजा नदीच्या काठच्या त्या गावात बातमीला पाय लागत नाहीत. स्तामेना गुलाबतेलाच्या भट्टीवर फुलं उतरवून घरी पोचली, तर तिचा थोरला भाऊ वेल्को अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली बसलेला. समोर कॉफी, आणि कॉफीला हातही लावलेला नाही.

"किल्ली दे," तो म्हणाला.

"का रे दादा? तुला फिरायला जायचंय?"

"थट्टा नको, स्तामे. बाबांच्या आणि आईच्या थडग्यांवर दर साली वाइन ओततो मी. तिसऱ्या ठिकाणी ओतायला लावू नकोस. तुझी पोती मी ट्रॅक्टरमधून नेईन."

"तू निघणार दहाला. तोवर पोत्यात हात घालून बघ, आंबवलेल्या पिठासारखी तापलेली असतात फुलं. सगळं तेल उन्हाला देऊन टाकायचं आणि भट्टीवाल्यासमोर पाला ओतायचा?"

"मग शेत दे मला. माझ्या बांधाला लागूनच आहे. कसायला मी आहे."

हे तो प्रेमानंच बोलत होता, म्हणून जास्त लागलं. गुलाबांच्या त्या आठ ओळी बाबांनी आणि तिनं मिळून लावलेल्या होत्या. एकेका रोपाच्या मुळाशी तिनं ओंजळीनं पाणी घातलेलं. गुलाब खुडायचे ते पहाटे, दव असताना, आणि पोचवायचे ते ऊन चढायच्या आत. मोटरसायकल गेली की शेत गेलं. मधली वाटच नव्हती.

"मागच्याला दिसलं म्हणजे झालं ना?" तिनं विचारलं.

"काय दिसलं म्हणजे?"

"मी थांबतेय ते. मी दिवा बसवते, तू तुझ्या लाडा गाडीतून मागे ये. तुला नाही दिसला, तर किल्ली तुझी नि शेतही तुझं."

वेल्कोनं तिच्याकडे पाहिलं. लहानपणी ही पोर विहिरीत पडलेली बादली काढायला स्वतः उतरली होती, ते त्याला आठवलं असावं. त्यानं कॉफी एका घोटात संपवली.

"तू बसवणार? तुला शिवणयंत्राशिवाय काय येतं?"

"त्यालाही वायरच आहे," स्तामेना म्हणाली.

दुपारी तिनं बाजारातून लाल एलईडीचे दोन छोटे दिवे आणले, ट्रॉलीला लावतात तसले. शेजारीण देशका सूर्यफुलाच्या बिया सोलत मदतीला आली, म्हणजे मुख्यतः बोलायला आली. स्तामेनानं सीट उचललं. खाली तीन वायरी, धुळीनं एकाच रंगाच्या झालेल्या. तिनं जुन्या बल्बला दोन तारा जोडून एक टोक लोखंडाला लावलं आणि दुसरं एकेका वायरीला टेकवत गेली.

"देशके, पायाचा ब्रेक दाब."

"दाबला."

"सोड."

"सोडला. आता नाचू का?"

एक वायर अशी निघाली की पाय दाबला की बल्ब लागे, पाय उचलला की विझे. "ही बोलते," स्तामेना म्हणाली. तिथं तिनं जोड दिला, जोडावर रबराची नळी चढवून ती लायटरनं शेकली. नळी आक्रसून वायरीला अशी बिलगली की दव काय, नदी आली तरी आत शिरली नसती. कॅरियरच्या दोन्ही दांड्यांवर तिनं एकेक दिवा घट्ट बसवला, लोखंडाला टेकणारी वायर रंग खरवडून चकचकीत जागी आवळली. देशकानं पाय दाबला आणि मांडवातली कच्ची द्राक्षं खालून लाल झाली.

"अगं बाई!" देशका म्हणाली. "नाताळचं झाड झालं की तुझ्या गाडीचं."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता शेतात बायकांच्या ओळी लागल्या. बोटं काट्यांतून शिरत होती, कळ्या कटकट तुटत होत्या आणि कोणीतरी गाणं उचललं होतं:

*ऊठ गुलाबा, ऊन उठायच्या आत,*
*त्याच्याआधी दे माझ्या हातात हात.*

पोती भरली. स्तामेना निघाली आणि मागून वेल्कोची लाडा. देवळाच्या वळणावर तिनं ब्रेक दाबला, पुलाआधी दाबला. भट्टीच्या फाटकाशी वेल्को उतरला, तिच्या गाडीला एक फेरी मारली आणि पोत्याचं पोट बोटानं वर उचललं. खाली दोन्ही दिवे झाकलेले होते. निघताना पोती नीट होती, पण वाटेत फुलं खाली बसली नि गोणपाट दोन्ही अंगांनी ओघळलं.

"लागला असेल दिवा," वेल्को म्हणाला. "फुलांना दिसला असेल."

भट्टीवरचे हमाल हसले. स्तामेनाचे कान तापले. फुलं मऊ असतात, वाटेत बसतात, हे तिला आयुष्यभर ठाऊक होतं आणि तिनं दिवे बसवले होते ते लोखंडाचा विचार करून.

"उद्या," ती म्हणाली.

"स्तामे..."

"उद्या म्हटलं ना."

"बरं. उद्या. पण परवा नाही."

घरी येऊन ती खुर्चीवर बसून राहिली. कॅरियर उंच करावं? तर पोतं त्याहून उंच. बाजूला दांडा काढावा? तर अरुंद रस्त्यावर तो पहिला तुटणार. दिवा गाडीवर ठेवून भागत नव्हतं. गाडी लपतेच. दिसतं ते पोतं. मग दिवा पोत्यावरच हवा, पोतं फुगेल तिथं फुगणारा, ओघळेल तिथं ओघळणारा. कपडा जसा अंगाबरोबर हलतो, तसा. आणि कपड्यातलं तिला कळत होतं.

तिनं पेटी उघडली. तळाशी बाबांचा कमरबंद होता, लाल लोकरीचा, दोन पुरुष लांब. होरो नाचाचा फेर धरताना ते तो कमरेला घट्ट गुंडाळायचे आणि फेराच्या टोकाशी रुमाल फिरवत सगळ्या गावाला ओढून न्यायचे. आईनं तो विणला होता, तिचं लग्न ठरलं त्या हिवाळ्यात. स्तामेनानं तो नाकाशी धरला. तंबाखू आणि अक्रोडाच्या पानांचा वास.

"बाबा," ती पेटीला म्हणाली, "जरा काम आहे."

रबरात मढवलेली एलईडीची पट्टी तिनं कमरबंदाच्या मधल्या भागावर ठेवली आणि दाभणानं शिवायला घेतली. टाके असे की दोरा पट्टीला मिठी मारेल, पण कुठे टोचणार नाही. टोकाला तिनं दोन पिनांची जोडणी लावली, म्हणजे पोती उतरवताना कमरबंद सहज सुटा व्हावा. संध्याकाळ व्हायच्या आत शिवण संपली. देशकानं पाय दाबला.

काहीच झालं नाही.

"गेली," देशका म्हणाली. "सुईनं जीव घेतलास तिचा."

"गप गं." स्तामेनानं एकेक टाका बोटानं चाचपला. टाके ठीक होते. मग तिनं जुना बल्ब त्याच तारांना लावला. तो लागला. तारा उलटसुलट केल्या, तरी लागला. म्हणजे बल्बाला कुठलीही बाजू चालते. ही पट्टी तशी नव्हती. हिला आपलं डावं-उजवं होतं. स्तामेनानं जोडणीतल्या वायरी काढून अदलाबदल केली.

"दाब."

लाल लोकरीच्या मधोमध लाल उजेड धावला, अंगणाच्या भिंतीपर्यंत. देशकाच्या हातातली बी तशीच राहिली.

"लाल बांधलंस," ती हळूच म्हणाली. "दृष्टही नाही लागायची."

सकाळी धुकं कालच्याहून दाट होतं. स्तामेनानं पोती चढवली, कमरबंद त्यांच्या पोटावरून फिरवून आवळला, जोडणी लावली. वेल्को गाडीत बसला.

ब्रेकचा दिवा चालवणाऱ्याला कधी दिसत नाही. तो मागच्यासाठी असतो. स्तामेनाला समोर नुसतं पांढरं दिसत होतं आणि पाठीला फुलांचा गारवा लागत होता. देवळाच्या वळणावर तिनं ब्रेक दाबलाच नाही, तिथं वेल्को तयार असणार. पुलाआधीही अगदी हलकासा दाबला. मग पुलापलीकडच्या सरळ रस्त्यावर, जिथं थांबायचं काहीएक कारण नव्हतं, तिथं तिनं दात आवळले आणि पाय पूर्ण दाबला.

मागे लाडाचं इंजिन लगेच खाली आलं. टायर किंचाळले नाहीत. गाडी शांतपणे, नेहमीच्या अंतरावर थांबली, जशी एखादी गाडी दुसरीच्या मागे थांबते.

तिनं पाय उचलला. जावा निघाली. मागचं इंजिनही निघालं. तिनं पुन्हा दाबला. मागचं पुन्हा थांबलं. तिसऱ्यांदा दाबला तेव्हा हॉर्न वाजला, लांबलचक, वैतागलेला. तो ऐकून स्तामेना एकटीच धुक्यात हसली.

भट्टीच्या फाटकाशी वेल्को उतरला. पोती वाटेत बसली होती, ओघळली होती, आणि कमरबंदही त्यांच्याबरोबर बसला होता, अजून बाहेर, अजून लाल. वेल्को त्याच्याजवळ गेला. लोकरीवरून त्यानं अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"बाबांचा," तो म्हणाला.

"हो."

"कापलास?"

"एक दोराही नाही. उसवला की जसाच्या तसा."

"उसवू नकोस." मग त्याचा आवाज नेहमीसारखा झाला. "आणि बांधलास उलटा. बाबा डावीकडून घ्यायचे. सरक."

हमाल पोती उतरवायला आले होते. त्यांना त्यानं हातानं थांबवलं. भरल्या पोत्यांवरून त्यानं कमरबंद सोडला आणि नव्यानं गुंडाळला, डावीकडून, एक पदर दुसऱ्यावर अर्धा चढवत, टोक आत खोचत. कधी काळी दोघं भावंडं दारात उभी राहून हे पाहायची. पट्टी बरोबर मधोमध आली.

"असा," तो म्हणाला. "आता सोडा नि उतरवा."

"उद्या ऊन जास्त असणार," स्तामेना म्हणाली. "फुलं एकदम उघडतील. तीन पोती होतील."

वेल्को गाडीकडे वळला होता. त्यानं मागे न पाहता हात वर केला.

"मग आणखी आवळून बांध."