मार बसायच्या आधी

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, बसलिंगप्पांच्या आडत दुकानावर सकाळपासून गर्दी असते, आणि त्या गर्दीत त्यांच्या शब्दाला वजन असतं. माणूस लिंगायत, मोठा शिवभक्त. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन रोजची पूजा झाल्याशिवाय घोटभर पाणी घशाखाली उतरवायचा नाही. अहो, पण हाच माणूस चिडला की नातवावर असा हात उचलायचा की बघणाऱ्यानं तोंड फिरवावं. मागं एकदा शिवांशच्या बोटांवर छडी अशी बसली, की त्या एवढ्याशा पोराला कितीतरी दिवस पेन्सिल धरता आली नाही.

घरात सगळे त्यांना आप्पा म्हणायचे, आणि आप्पांपुढं कुणी ब्र काढत नव्हतं. त्यांचा मुलगा रुद्रेश, म्हणजे सून दामिनीचा नवरा आणि शिवांशचा बाप, तर उलट म्हणायचा, "आप्पांनी मला असंच वळण लावलं. काय बिघडलं माझं?" काय बिघडलं म्हणे! आप्पांची चाहूल लागली तरी बोलता बोलता गप्प व्हायचा हा बाप्या, आणि वर हे विचारायचा.

दामिनी मूळची लातूरची. गप्प बसायची सवय काही माहेरची नव्हे, ती उदगिरात आल्यावर लागली. आणि ती सुटायला लागली स्टेशनमागच्या आई-लेकरांच्या केंद्रात. जुन्या गोदामातल्या दोन खोल्या, पंचशीलाताई नावाची बाई ते चालवायची. राग डोक्यात गेला की आईनं लेकरू तिथं आणून सोडावं, डोकं थंड झालं की घेऊन जावं. कुणाला काम पाहिजे, कुणाचा नवरा पितो, कुणाला नुसतं रडून मोकळं व्हायचंय, सगळ्यांना तिथल्या सतरंजीवर जागा. रविवारी बापांची बैठक. पंचशीलाताईंचं एकच म्हणणं असायचं, "मार बसल्यावर पोलीस येतात, डॉक्टर येतात, सगळेच येतात. तुम्ही मार बसायच्या आधी या." दामिनी भाजीच्या निमित्तानं चोरून जायची. आपल्याच लेकरासाठी चोरून जायचं, याची तिला मनातून लई चीड यायची.

त्या दिवशी सकाळी पूजेला बसताना आप्पांनी बघितलं, शिवांशच्या गळ्यात लिंग नाही. मागल्या वर्षी लिंगदीक्षा झाली तेव्हा मठाच्या स्वामींनी स्वतः बांधलेलं. आदल्या संध्याकाळी किल्ल्याजवळ कबड्डी खेळताना दोरा तुटला आणि ते कुठंतरी पडलं. पोर भीतीनं शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून तसंच झोपून गेलं होतं.

"लिंग हरवलं?" आप्पा गरजले. "अरे, पूर्वीची माणसं लिंगापायी जीव द्यायची!" आणि त्यांनी दारामागची छडी उचलली.

दामिनीनं मागचापुढचा विचार केलाच नाही. पोराचं मनगट धरलं आणि पायात चप्पलही न घालता जिना उतरली. मागच्या गल्लीनं केंद्राकडं गेली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. ती मुद्दाम मोंढ्यातून गेली. सोयाबीनचा लिलाव चालू होता. हमाल, व्यापारी, गावोगावचे शेतकरी, सगळ्यांच्या माना वळल्या. पुढं अनवाणी सून, मागं छडी घेतलेले बसलिंगप्पा, धापा टाकत ओरडताहेत, "थांब म्हणतो ना!" बघू दे, दामिनी मनात म्हणाली. मोठ्या घरात काय चालतं ते एकदा साऱ्या बाजाराला बघू दे.

केंद्राच्या दारात आप्पा पोचले तेव्हा पंचशीलाताईंनी खुर्ची पुढं केली. "बसा आप्पा. आजोबांसाठीबी हाय ही जागा. चहा टाकते."

"तुमच्या चहाला आलो न्हाई मी. पोरगं द्या आमचं."

"पोरगं त्याच्या आईजवळ हाय. तिला विचारा."

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. कुणीतरी कळवलं असणार, रुद्रेश धावत आत आला. आप्पांनी त्याला हुकूम सोडला, "उचल रे त्याला. घरी चल."

रुद्रेश पोराकडं निघाला. शिवांशनं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं आणि भिंतीला चिकटला. रुद्रेश होता तिथंच थांबला. "अरे, मी मारत न्हाई रे तुला," तो म्हणाला. पोरानं हात खाली घेतले नाहीत.

"बघा," दामिनी रुद्रेशला म्हणाली. "हे बिघडलंय."

"मधी बोलू नको!" आप्पा कडाडले. "गळ्यात लिंग न्हाई तोवर त्याला अन्न न्हाई, पाणी न्हाई. आन् शिक्षा तर होणारच!"

"आप्पा, लिंग हरवलं तर स्वामी दुसरं बांधतील. शिवांश हरवला तर कुठून आणाल?"

एवढं बोलून तिनं पदराखाली हात घातला आणि स्वतःच्या गळ्यातलं लिंग काढलं. लहानपणी बांधलेलं, बाळंतपणातसुद्धा न काढलेलं.  तिनं ते शिवांशच्या गळ्यात घातलं.

"अय्यो शिवा!" आप्पांचे डोळे विस्फारले. "हे काय करायलीस? असं चालत न्हाई! ज्याचं लिंग त्याच्याच गळ्यात राहतं!"

"ठाऊक हाय मला. तुमच्याच धर्मात वाढलेय मी. आता त्याच्या गळ्यात लिंग हाय, माझा गळा रिकामा हाय. कुणाला तरी मारायचंच हाय ना तुम्हाला? मग मला मारा. इथंच मारा, ह्या सगळ्यांसमोर."

खोलीत बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या. आप्पांचा हात वर गेलाही होता. रुद्रेश मधे आला आणि त्यानं बापाच्या मुठीतून छडी ओढून घेतली. बापाचा हात असा धरायची त्याची जन्मातली ही पहिलीच वेळ. "बस झालं, आप्पा," तो म्हणाला. बोलला एकदाचा.

  मग शिवांशनं आईचा पदर ओढला. पूजा झाली नव्हती म्हणून त्या वेड्यानं उठल्यापासून थेंबभर पाणी घेतलं नव्हतं.

"मम्मी, आता पाणी पिऊ का?"

 दामिनीनं माठातून तांब्या भरून त्याच्या हातात दिला आणि सासऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली, "पी, बाळा. पोटभर पी. आन् ह्यापुढं तहान लागली की प्यायचं, कुणाला विचारायचं न्हाई."