दोरीचं दुसरं टोक

चारठाण्याच्या त्या देवळात देव नाही. गाभारा आहे, खांब आहेत, पुढे पडका मंडप आहे. पण आत काही नाही आणि वर शिखरही नाही. माझ्या लहानपणीही नव्हतं. आण्णांनी मोजायला म्हणून तेच निवडलं. म्हणायचे, "पूजेच्या देवळात दोरी टाकायची तर गुरवाला विचारा, सोवळं सांभाळा. इथं कोण काय म्हणतंय?"

आण्णा म्हणजे माझे वडील, माणिकराव मास्तर. गावच्या शाळेत ते ड्रॉइंग शिकवायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना एकच नाद. ते देऊळ मोजायचं आणि घरी येऊन पुठ्ठ्याचं करायचं, एका फुटाला अर्धा इंच धरून. मोजायला सुताची दोरी होती, फुटाफुटावर गाठ मारलेली. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. गाभाऱ्याचं दार ठेंगणं, म्हणून आत मी शिरायचे, मागच्या भिंतीला टोक लावायचे आणि म्हणायचे, "धरलंय, आण्णा!"

"जरा मोठ्यानं, पारू. दगडाला ऐकू जाऊ दे की."

माझा आवाज तेव्हापासूनच असा लहान आहे.

पुठ्ठा ते विकत आणत नसत. पोरांनी काढलेली जुनी चित्रं खळीने एकावर एक चिकटवायची, वर पाटा ठेवायचा, की झाला पुठ्ठा. खळीत मोरचूद घालायचे, किडे लागू नयेत म्हणून. खांबांना जवारीच्या धांड्याचं भेंड. मी एकदा हट्ट धरला होता, आपण शिखर लावू या. तर म्हणाले, "आहे तेवढंच घ्यायचं. नाही ते आपण लावायचं नाही." मला ते तेव्हा कंजूषपणाचं वाटलं होतं.

गाभारा उभा झाला, मंडपाचे निम्मे खांब झाले आणि माझं लग्न ठरलं. जिंतूरला आले. इथे एकदा काड्यापेट्या कापत बसले होते, तर सासूबाई म्हणाल्या, "लेकरू व्हायच्या वयात भातुकली व्हय गं?" हे हसले. हे वाईट नव्हते, पण हसले. मी काड्यापेट्या चुलीत घातल्या.

आण्णा गेल्यावर माहेरचं घर विकलं, तेव्हा भावाने एक ट्रंक पाठवून दिली. ती पलंगाखाली गेली. तिच्यावर यांच्या कापसाच्या जिनिंगमधले कागद, लेकीची पुस्तकं, मग नुसतीच धूळ. मधे तीसेक वर्षं गेली म्हणायला हरकत नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी हे गेले. वर्षश्राद्ध झालं, लेक कुसुम नांदेडला परत गेली. माझे नेम चालूच होते. तुळशीला पाणी, पोथीचा अध्याय, गाईला घास, दिवसाच्या वाती. संध्याकाळचा दिवा लागेपर्यंत बाहेरचं काही तोंडात घालायचं नाही. पण हे सगळं उरकलं तरी ऊन अर्ध्या अंगणातसुद्धा आलेलं नसायचं. एकटीपुरता स्वयंपाक करायला लागलं की दिवस फार लांबतो.

कार्तिकात एक दिवस ट्रंक ओढली. देऊळ होतं तसं होतं. एका कोपऱ्याला कसर लागली होती, तेवढंच. बाजूला दोरीची गुंडाळी.

देऊळ पाटावर ठेवलं, खळ शिजवली. धांडा सोलून भेंड काढलं, ब्लेडने कापायला घेतलं, तर पहिला खांब वाकडा, दुसरा आखूड. पण वाती वळून वळून बोटांना हलकं धरायची सवय होती. हळूहळू हात आठवायला लागला. मग रोज अध्याय झाला की मी त्या पाटाशी. काम करताना मी कुणाशी बोलत नव्हते, पण गप्प बसल्यासारखंही वाटत नव्हतं.

शेजारच्या केशरबाईंनी पाहिलंच. त्यांना दार वाजवायची सवय नाही.

"आवं बाई, काय करायलाव ह्ये? बाहुलीचं घर?"

"देऊळ आहे. चारठाण्याचं."

त्या वाकून वाकून बघायला लागल्या. "लय झ्याक! आन् देव कुठंय?"

"त्यात देव नाही."

"आं? रिकामं देऊळ घरात?" त्यांनी गालाला हात लावला. "तुमी येवढ्या नेमाच्या बाई आन्..."

संक्रांत आली. केशरबाईंच्या घरी हळदीकुंकू होतं. भिंतीपलीकडून बांगड्या, हसणं, उखाणे ऐकू येत होते. मला बोलावणं असायचं कारण नव्हतं, आणि मी खिडकी लावून घेतली, तीही रागाने नव्हे. त्याच दिवशी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. चौकात पोलीस उभे, यष्ट्या बंद. समोरच्या घरातल्या सत्यशीलाबाई, शाळेत शिकवतात, बौद्ध आहेत, त्या दारात आल्या. हातात पेढ्यांचा पुडा.

"घ्या मावशी."

"मी आज कुठं... मला कुणी शकुनाचं..."

"आमच्यात कुंकवाचं काही नसतंय, मावशी. धरा."

"दिवा लागल्यावर खाईन. नेम आहे."

"खावा सावकाश. पेढा कुठं पळून जायलाय?"

जाताना त्या पाटापाशी थांबल्या. वाकून खांब पाहिले. अठ्ठ्याहत्तर साली याच नावावरून झालेल्या दंगलीत त्यांचं माहेरचं घर जाळलं होतं, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. त्या स्वतः कधी बोलल्या नव्हत्या. "आमचं घर असं कुणी मोजून ठिवलं असतं तर," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. दिवा लावल्यावर मी पेढा खाल्ला.

त्यानंतरच्या सोमवारची गोष्ट. मी नळावर गेले होते, दार नुसतं लोटलेलं. परत आले तर केशरबाई पाटाशी हात जोडून बसलेल्या. गाभाऱ्यात पूर्णेच्या पात्रातला एक काळा वाटोळा गोटा, त्यावर भस्म, बेलाचं पान.

"आता झालं बगा देऊळ!" त्या म्हणाल्या. "काल माहेराहून येताना आणलाय. महादेव! म्हणलं, आपल्या बाईच्या घरात रिकामं नगं."

त्यांनी प्रेमाने केलं होतं. मी ओल्या हातांनी घागर खाली ठेवली आणि नमस्कार केला. बसलेल्या देवाला नमस्कार न करणं माझ्याच्याने झालं नसतं.

दर सोमवारी आरती ठरली. आधी एकट्या केशरबाई, मग त्यांची जाऊ सुलाबाई, मग गल्लीतल्या बाकीच्या. ज्या ओट्यापुढून कुंकवाच्या दिवशी बाया पदर सावरून पुढे जायच्या, तिथे चपला मावेनात. कुणी चहा टाकायचं, कुणी सुनेच्या तक्रारी सांगायचं. सुलाबाई म्हणाली, "देवानं तुमच्या घराला लळा लावला बगा." मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? सोमवारची मी वाट बघायला लागले होते.

फक्त काम थांबलं. देव बसलाय त्याच्या डोक्यावर ब्लेड कसं चालवायचं, कपटे कसे पाडायचे? मंडपाचे राहिलेले खांब डब्यात घालून ठेवले. मंगळवार ते रविवार घर पुन्हा पहिल्यासारखं, आणि आता पाटाशी बसायचीही सोय नव्हती. बायांना मी दर वेळी सांगायचे, पाणी ताम्हनात घाला, पुठ्ठा आहे.

शिवरात्रीला गर्दी झाली. परक्या गल्लीतल्याही आल्या. जी ती चमच्याने दूध-पाणी गोट्यावर सोडायला लागली. "ताम्हनात, ताम्हनात," असं मी म्हणत होते, पण माझा आवाज घंटेच्या वर कधी गेलेला नाही.

जाताना केशरबाई खुशीत होत्या. "फुडल्या सोमवारी पितळंचा कळस आणते. वर कसं उगडं-बोडकं दिसायलंय."

सकाळी पाहिलं तर गाभारा बसला होता. मागची भिंत आडवी, जमीन फुगलेली, खांबांचं भेंड भिजून पिवळं पडलेलं. पुठ्ठ्याचे पदर सुटले होते. एका पदरावर कुणा पोराने काढलेलं जास्वंदीचं फूल, दुसऱ्यावर तांब्या, त्याखाली लाल शाईत आण्णांची बारीक सही. ती सही पाण्याने पसरली होती. मी एक एक पदर उचलून उन्हात घातला. त्या दिवशी अध्याय वाचताना ओळ दोनदा चुकली, पुन्हा पहिल्यापासून वाचला.

मग आंघोळ करून गोट्यापुढे बसले. फूल, गंध, नैवेद्य, जे निरोपाच्या पूजेत करतात ते सगळं केलं. अक्षता टाकल्या, चूकभूल पोटात घ्या म्हटलं, आणि गोटा उचलून माझ्या देवघरात, बाळकृष्णाशेजारी ठेवला.

सोमवारी केशरबाई सगळ्यांच्या आधी आल्या. पदराखाली कळस.

"देव कुठंय?"

"देवघरात बसवलाय. देऊळ मोडलं, केशरबाई. भिजून."

त्यांनी पाहिलं. चेहरा उतरला. "अगं बया... मला वाटलं, येवढ्याशा पाण्यानं काय हुतंय." मग लगेच, "जाऊ द्या. तुमच्या हाताला काय, पुन्ना करताल. झालं की बसवू देवाला. तवर कळस ठिवा तुमच्यापाशी."

हो म्हणायला काही लागलं नसतं. पुढचा सोमवार, चपला, चहा, सगळं होतं तसं राहिलं असतं.

"त्यात देव नको, केशरबाई. तिथं नाही. कळसही नाही तिथं."

"तिथं न्हाई म्हणून हितं बी नगं? ह्ये कुणाचं माप म्हणावं?"

"आण्णांचं."

"मेल्या माणसाचं माप जित्या देवाला लावायलाव व्हय, बाई?"

"देव तोच आहे," मी म्हटलं. "देवघरात या ना सगळ्या."

"देवघर आमच्या बी घरी हाय," त्या म्हणाल्या, कळस पदराखाली घेतला आणि गेल्या. जाताना दार ओढून घेतलं. ते त्या कधीच ओढत नसत.

जुना गाभारा फुगून गेला होता, त्याच्यावरून माप निघेना. चारठाण्याला जाणं भाग होतं. सत्यशीलाबाईंना विचारावं, असं ओठावर आलं. रविवार होता, त्या आल्याही असत्या. पण विचारलं नाही. दोरी पिशवीत घातली, अध्याय वाचला आणि यष्टीत बसले.

देवळात शेळ्या बसल्या होत्या. त्या उठल्या, मला वाट दिली, पुन्हा बसल्या. गाभाऱ्याचं दार आता मलाही ठेंगणं होतं. वाकून आत गेले, मागच्या भिंतीला टोक टेकवलं, त्यावर दगड ठेवला, दोरी सोडत बाहेर आले. ताणली तर टोक सुटून आलं. पुन्हा आत, मोठा दगड. पुन्हा सुटलं. गुडघे बोलायला लागले. तिसऱ्यांदा पडक्या खांबाचा तुकडा ढकलत नेला आणि टोक त्याखाली दाबलं. आण्णा उभे राहायचे तिथे येऊन दोरी ताणली. आतून कुणी काही म्हटलं नाही. टोक मात्र राहिलं. गाठी मोजल्या, खाली बसून जरा दम घेतला, आणि दिवेलागणीच्या आत घरी आले.

वाळलेले पदर मी नव्या पुठ्ठ्याच्या पोटात घातले. जास्वंद, तांब्या, सही, सगळं आत. बाहेरून आता दिसत नाही.

आज सोमवार. सकाळी केशरबाई आणि बाकीच्या महादेवाच्या देवळाकडे निघाल्या. माझ्या ओट्यापाशी पावलं जराशी मंदावली, कुणीतरी खाकरलं, मग पुढे गेली. मी गाभाऱ्याची मागची भिंत उभी करत होते. खळ वाळून धरेपर्यंत भिंत दोन्ही बाजूंनी धरून बसावं लागतं. पूर्वी एक बाजू आण्णा धरायचे. आता दोन्ही हात माझेच गुंतलेले, कपाळावर बसलेली माशीसुद्धा हाकलता येईना. गाभाऱ्याच्या दारातून आत पाहिलं. रिकामा होता, तिथल्यासारखा.

"धरलंय, आण्णा," मी म्हटलं. माझ्या नेहमीच्याच आवाजात.