चौकात घेतलेलं घोटभर पाणी

मुलुंडच्या नंदकुमार देवस्थळींना शकुन-अपशकुनाचा भयंकर तिटकारा. त्यांच्या बायकोला, सुलक्षणाला मात्र घराबाहेर पडलेल्या माणसाला कुणी ‘कुठे?’ विचारलेलं खपत नसे. विचारलंच, तर त्याने परत बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि नव्याने निघायचं. या पाण्यापायी एकतीस वर्षांच्या संसारात नात्यातल्या दोन लग्नांचे मुहूर्त हुकले, हे नंदकुमार येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

सुलक्षणाच्या गाठीचा रिपोर्ट सोमवारी मिळणार होता. नंदकुमारांनी तिला मंगळवार सांगून ठेवला आणि ‘टायरमध्ये हवा भरून येतो’ म्हणून ते एकटेच लॅबकडे निघाले. रिपोर्ट चांगला असला तर दाखवायचा. वाईट असला तर काय करायचं, ते त्यांनी ठरवलं नव्हतं.

चौकात पिवळ्या पट्ट्यांची जाळी आखलेली आहे. तिच्यात थांबायचं नाही. थांबलेल्याचा फोटो खांबावरचा कॅमेरा आपणहून काढतो. नंदकुमार बरोबर जाळीच्या मधोमध असताना शेजारून मधुवंती, त्यांच्याच सोसायटीतली, स्कूटरवरून ओरडली, “काय काका, सकाळी सकाळी कुठे?”

नंदकुमारांनी ब्रेक दाबला. इंजिन बंद केलं, खाली उतरले, दार लावलं, दार उघडून परत आत बसले आणि बाटलीतलं पाणी प्यायले. मागे हॉर्नचा नुसता कल्ला. एका रिक्षावाल्याने त्यांच्या वयाचा मान राखून शिवी दिली. मग ते नव्याने निघाले.

रिपोर्ट चांगला निघाला. गाठ साधी होती. “मला खात्रीच होती,” कागद टेबलावर टाकत नंदकुमार म्हणाले. सुलक्षणा ढसाढसा रडली आणि मग तिने शिरा केला.

गुरुवारी चलन आलं. गाडी सुलक्षणाच्या नावावर, त्यामुळे मोबाइलही तिचाच वाजला. दोन फोटो होते. एकात नंदकुमार भर चौकात गाडीबाहेर उभे. दुसऱ्यात आत बसलेले, बाटली तोंडाला, डोळे मिटलेले.

“हे काय?”

“हरकत घेतो मी. त्या कॅमेऱ्याला काही अक्कल आहे का? तहान लागली होती मला.”

“तहान लागली म्हणून कुणी उतरून परत बसतं?”

हरकतीच्या अर्जात कारणाचा रकाना होता. नंदकुमारांनी ‘तहान’ लिहिलं, खोडलं. ‘इंजिन’ लिहिलं, तेही खोडलं. सुलक्षणा शेजारी उभीच.

“कोणी विचारलं ‘कुठे’?”

“मधुवंतीने.”

“आणि तुम्हाला तर खात्री होती.”

“नव्हती,” रकान्याकडे बघत ते म्हणाले. “फार घाबरलो होतो गं.”

सुलक्षणा खुर्ची ओढून बसली.

“मग सांगायचंत ना,” ती म्हणाली. “आठ दिवस मी आपली एकटीच घाबरत होते. दोघं मिळून घाबरलो असतो.”