तांडेलाचा मालक

तुम्ही त्याला मारलंत, साहेब. तो रोगानं मेला नाही, गाडीखालीही आला नाही. तुमच्या फॉर्मवरच्या एका रिकाम्या रकान्यानं त्याचा जीव घेतला. त्या दिवशी तुमच्यापुढे मला धड बोलता आलं नाही, म्हणून आता लिहितोय.

तांडेल हे आमच्या ट्रॉम्ब्याच्या कोळीवाड्यातल्या कुत्र्याचं नाव. बांबूंवर बोंबील वाळत घातले की होडीचा तांडेल खलाशांवर नजर ठेवतो तसा हा रांगांमधून फिरायचा. कावळ्याची खाली उतरायची टाप नव्हती. रोज एक घर त्याला जेवण घालायचं, पाळीनं. एकदा गुणाजीनं हौसेनं त्याच्या गळ्यात पट्टा बांधला. झालं, दुसऱ्या दिवसापासून बाकीच्या बाया म्हणायला लागल्या, आता गुणाजीच घालंल त्याला. नुसती भांडणं. शेवटी कोळीवाड्यानं बसून ठरवलं, तांडेलाच्या गळ्यात कुणाचाच पट्टा नको. तो सगळ्यांचा.

गेल्या गुरुवारी सकाळी, या चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत, पुरुष दर्यात असताना तुमची म्युनिसिपालटीची कुत्री धरायची गाडी आली. तारेचा फास त्याच्या मानेत पडला तेव्हा तिथे माझी बहीण सगुणा होती. तुमच्या माणसानं विचारलं, कुत्रा कुणाचा? सगुणाला खोटं बोलता येत नाही. कुणा एकाचा न्हाय, असं ती म्हणाली. त्यानं लिहिलं: मालक नाही. सोडवायची मुदत शनिवारपर्यंत.

मी शुक्रवारी संध्याकाळी किनाऱ्याला लागलो. शनिवारी सकाळी मी, सगुणा आणि म्हातारी पुतळाबाई तुमच्या टेबलापुढे उभे होतो. मागच्या पिंजऱ्यांतून भुंकणं येत होतं. त्यातला तांडेलाचा आवाज सगुणेनं ओळखला. माझं नाव लिहा, मी म्हटलं. तुम्ही कागद पुढे केलात. बाईंनीच सांगितलंय मालक नाही, आता बदलता येत नाही.

"अरं बाबा, चाळीस घरांचा हाय त्यो," पुतळाबाई म्हणाली. "चाळीस नावं लिव. शाई संपली तर सांग, आणून देतंय."

तुम्ही हसलात. रकान्यात जागा एकाच नावाची. कायद्यानं कुत्रा ही वस्तू, आणि वस्तूला मालक लागतो, हे तुम्ही आम्हाला लहान पोरांना सांगावं तसं समजावलंत.

सगुणा तुमच्या पाठीमागच्या खिळ्याकडे बघत होती. तिथे एक काळी छत्री टांगलेली होती.

"ती कुणाची, साहेब?"

"विसरलं कुणीतरी. पावसाळ्यापासून आहे."

"मग ठेवली कशाला?"

"मालक येईल ना कधीतरी."

"छत्रीसाठी आठ महिने थांबलात," सगुणा म्हणाली. "आमी तर दारात हाव."

तुम्ही कागदातून मान वर काढली नाहीत. तसेच म्हणालात, पंचांचं पत्र आणा, चारपर्यंत. नाव एकच.

आम्ही धावत सुटलो. पंच जेवणावरून उठून आले. कोळीवाड्यानं आपलाच ठराव मोडला, सगुणेचं नाव घातलं, खाली सह्या आणि अंगठे. गुणाजीनं तो जुना पट्टा शोधून तिच्या हातात दिला. मान वळवून.

सव्वातीनला आम्ही परत आलो, साहेब. मागून एकही आवाज नव्हता. शिपाई म्हणाला, शनिवारी मागचं काम दोनलाच उरकतात. चारपर्यंत या, असं सांगताना तुम्हाला हे माहीत होतं. तुमची खुर्ची रिकामी होती. छत्री मात्र खिळ्यावर होती.

सगुणा पट्टा मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिली. उठ म्हटलं तरी उठेना.

आज सोमवार. पाळी पुतळाबाईची. सवयीनं तिनं भात जास्तीचा लावला आणि मग टोपाकडे बघत बसली. बोंबलांवर कावळे उतरलेत.

मला तुमची माफी नको. एक विचारायचंय. गुरुवारपासून शनिवारी दोनपर्यंत तो तुमच्या कुलपात होता. पिंजरा तुमचा, पाणी तुमचं, मारायचा हक्कही तुमचाच. वस्तूला मालक लागतो, हे तुमचंच म्हणणं. मग त्या तीन दिवसांत तांडेलाचा मालक कोण होता? सोबत तुमचाच एक कोरा फॉर्म पाठवतोय. रकान्यात नाव लिहा आणि परत पाठवा.