किल्लीकाका पहिल्या नंबरावर

किल्लीकाका म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. त्यांचं दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधे उरलेल्या फटीला कुणीतरी दार बसवलेलं. आत किल्ल्या कापायचं मशीन, एक स्टूल आणि मागच्या भिंतीवर एक लाकडी फळी. या फळीचं आधी सांगितलं पाहिजे, कारण पुढे जो घोळ झाला तो तिच्यावरच येऊन आदळला.

फळीला खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला कुणाच्या ना कुणाच्या घराची जादा किल्ली. बाहेरगावी निघालेले, नवऱ्याच्या विसराळूपणाला कंटाळलेले, एकटे राहणारे, सगळे एक किल्ली काकांकडे ठेवून जायचे. खिळ्यावर ना नाव ना नंबर. काका नुसत्या दातांवरून किल्ली ओळखायचे. मागच्या गल्लीत दातांच्या डॉक्टरीणबाई राहायच्या. त्या परगावी गेल्या की काका त्यांच्या मागच्या दाराने आत शिरून झाडांना पाणीही घालून यायचे. या कामाचे कुणी पैसे देत नव्हतं आणि काकांना ते नकोच होते. आख्ख्या वस्तीने आपल्या घरात शिरायची परवानगी एका माणसाला द्यावी, याहून मोठं प्रमाणपत्र त्यांना ठाऊक नव्हतं.

पण प्रमाणपत्रावर दुकान चालत नाही. हल्ली किल्ली हरवली की लोक फोनवर ‘जवळचा कुलूपवाला’ शोधायचे, आणि त्या यादीत काका इतके खाली होते, की तिथवर अंगठा सरकवणाऱ्याला घरात जायची घाईच नसणार. सगळ्यात वर एक कंपनी होती. तिला दुकान नव्हतं, नुसता फोन नंबर होता. एकदा शेजारच्या न्हाव्याचं दार अडकलं, तर त्यानेही त्या कंपनीलाच बोलावलं. कंपनीचा माणूस पत्ता विचारत आला तो काकांच्याच दुकानात. काकांनी त्याला न्हाव्याचं दार दाखवलं.

“अरे, बोटाने आपोआप दाबलं गेलं,” न्हावी नंतर म्हणाला.

जागेचा करार संपत आला होता. काकूंनी स्पष्ट सांगून टाकलं, “गिऱ्हाईक वाढलं नाही तर यंदा दुकान बंद. मग घरी बसा आणि माझ्या कामात लुडबुड करा.” काकांना या दोन्ही गोष्टींची सारखीच धास्ती वाटली.

शेवटी सूनबाईंनी कंबर कसली. त्यांनी काकांना समजावलं, “बाबा, पोस्ट टाकली की नंबर लगेच वर चढतो असं नाही. पण लोक पोस्ट बघतात, मग दुकानाचं नाव शोधतात, रस्ता विचारतात, दोन ओळी अभिप्राय लिहितात. त्याने दुकान वर सरकतं. तुम्ही फक्त रोज तुमच्या कामाचा फोटो टाका. आणि आपल्या भागाचं, गल्लीचं नाव घालायला विसरू नका.”

काकांना एखादं काम सांगितलं की ते नीटच करणार. त्यांनी पांढरा कागद आणला. कापलेली प्रत्येक किल्ली त्यावर ठेवून दोन्ही बाजूंनी फोटो काढायला सुरुवात केली. हाताची सफाई कळावी म्हणून शेजारी मोजपट्टीही ठेवू लागले. खाली लिहीत, ‘मागच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंच्या मागील दाराची किल्ली. विश्वासाबद्दल आभारी आहोत.’ सूनबाई ऑफिसातून प्रत्येक फोटोला अंगठा द्यायच्या. फोटो फार सुंदर येत होते. किल्लीचा दात न् दात मोजून घ्यावा, असे.

आता उभा जन्म किल्ल्या कापण्यात घालवलेल्या माणसाला यात काय चुकतंय हे कळू नये, याला काय म्हणावं? फोटोवरून किल्ली कापून देणं हे तर काकांच्या डाव्या हातचं काम. पण आपल्या कामाला जग वाहवा म्हणायला लागलं की भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते. आणि वस्तीही काही शहाणी नव्हती. ज्यांच्या घराच्या किल्ल्या, तेच खाली ‘छान’ म्हणून लिहीत होते.

दुकान वर चढू लागलं. फोन वाजू लागला. काकू दुकान बंद करण्याविषयी बोलायच्या थांबल्या. अजून एकच पायरी उरली होती, वर फक्त ती कंपनी.

अशात एका दुपारी एक अनोळखी माणूस आला. नीटनेटका, बोलायला गोड. “फोनवर शोधलं तर तुमचं नाव वरतीच दिसलं,” तो म्हणाला. “भाड्याच्या घराची किल्ली हरवलीये. फोटो आहे माझ्याकडे. यावरून होईल का?”

“न व्हायला काय झालं,” असं म्हणत काकांनी कोरी किल्ली मशीनला लावली आणि त्याचा फोन हातात घेतला. पांढरा कागद. शेजारी पट्टी. तिसरा दात लांब. खालची ओळ कापून टाकलेली, पण दात ओळखायला काकांना ओळीची गरज नव्हती. डॉक्टरीणबाईंच्या घरी भाडेकरू नव्हता. त्या घरात दुसरं कुणीच नव्हतं.

काकांनी मशीनचं बटण बंद केलं.

“मशीन बिघडलंय,” ते म्हणाले.

“आत्ता तर चालू होतं.”

“आत्ताच बिघडलं.”

माणूस फोन परत घेऊन निघून गेला. काकांनी पोलिसांना त्याचं वर्णन कळवलं. तोवर त्या माणसाने दुकानाला एक तारा देऊन अभिप्राय लिहिला होता, ‘मशीन बंद. वेळ वाया गेला.’ सूनबाईंना काहीच ठाऊक नव्हतं. प्रत्येक अभिप्रायाला उत्तर द्यायचं असतं, म्हणून त्यांनी लिहिलं, ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. पुन्हा अवश्य या.’

घरी येऊन काकांनी सगळं सांगितलं. काकूंनी हातातलं काम खाली ठेवलं. “चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देतात म्हणे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही तर पट्टी लावून दिल्यात.”

सूनबाईंना रडू आवरेना. काका त्यांना म्हणाले, “तू गल्लीचं नाव घाला म्हणालीस. किल्लीचे दात दाखवा असं नव्हतं सांगितलंस.”

सगळे फोटो काढून टाकले. मग काका हत्यारांची पिशवी घेऊन दारोदार निघाले. प्रत्येक दारात एकच वाक्य, “तुमच्या किल्लीचा फोटो मी जगाला दाखवला. कुलपाच्या आतल्या पिना बदलून देतो, नवी किल्ली देतो. पैसे नकोत.” कुणी शिव्या दिल्या, कुणी चहा दिला, कुणी दोन्ही दिलं. डॉक्टरीणबाईंकडे ते सगळ्यात आधी गेले होते आणि त्यांना त्या माणसाचंही सांगितलं होतं. काका मागच्या दाराचं कुलूप खोलत असताना त्या पूर्ण वेळ उभ्या राहिल्या. नव्या किल्ल्या त्यांनी मोजून घेतल्या आणि सगळ्या स्वतःच्या पर्समध्ये टाकल्या.

मग फळी रिकामी होऊ लागली. ज्यांच्या किल्लीचा फोटो कधी टाकलाच नव्हता तेही आले. “तसं काही नाही हो काका, पण घरचे म्हणतात,” असं म्हणत आपापली किल्ली घेऊन गेले. न्हावी आला, तो तर बालमित्र. त्याने किल्ली काढली आणि फळीकडे पाठ करून म्हणाला, “बायको ऐकत नाही रे.” त्याच्या बायकोला काका चांगले ओळखत होते. ती कुणाचं न ऐकणारी नव्हती.

काकांना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. रिकाम्या खिळ्यांकडे पाठ करून बसायचं म्हणून त्यांनी स्टूल फिरवून घेतलं, पण दुकान एवढंसं, की पाठ केली तरी खिळे टोचायचेच.

इकडे वस्तीत बोभाटा झाला होता. जो तो काकांचं दुकान फोनवर शोधून बघत होता, एकमेकांना पाठवत होता, अभिप्राय लिहीत होता. कुणी एक तारा, कुणी पाच. लांबलांबचे लोक रस्ता विचारत होते, नुसतं बघायला. एका सकाळी सूनबाई दुकानात आल्या आणि फोन पुढे धरून खालच्या आवाजात म्हणाल्या, “बाबा, पहिला नंबर.”

काकांनी पाहिलं. कंपनी खाली होती. फळीवर एकही किल्ली नव्हती.

“करार करून टाकायचा ना?” सूनबाईंनी विचारलं.

“करा,” काका म्हणाले. “दुकान हवंच होतं ना आपल्याला.”

करार झाला. फोन दिवसभर वाजायचा. काका जायचे, परक्या वस्तीतली दारं उघडून द्यायचे, परत यायचे. लोक पैसे देत आणि लगेच दार लावून घेत.

बऱ्याच दिवसांनी डॉक्टरीणबाई दुकानात आल्या. हातात बॅग. त्यांनी आधी रिकामी फळी बघितली, मग काकांना.

“त्या दिवशी तुम्ही ती किल्ली कापून दिली असतीत तर ती तुम्ही दिली हे मला कळलंही नसतं,” त्या म्हणाल्या.

“नसतं कळलं.”

“आणि नुसते फोटो काढून टाकून गप्प बसला असतात तरी नसतं कळलं.”

काका कोऱ्या किल्ल्या सारख्या करू लागले.

“मी आठवडाभर नाहीये,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पर्समधून नवी किल्ली काढून मशीनवर ठेवली. “बाल्कनीतल्या झाडांना रोज लागतं पाणी. आतल्यांना एक दिवसाआड.”

“ठाऊक आहे,” काका म्हणाले.

बाई गेल्या. फोन वाजत होता, तो काकांनी वाजू दिला. त्यांनी किल्ली मधल्या खिळ्याला अडकवली. दातांची बाजू भिंतीकडे केली आणि स्टूल फिरवून पुन्हा फळीकडे तोंड करून बसले.